पिन आधी, गन मागाहून

डायनिंगच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलं, खिडकीची जाळी निखळली किंवा गणपतीच्या मखराला कापड लावायचं निघालं की कुणीतरी सल्ला देतंच: एक चांगली स्टेपल गन घेऊन टाका. चांगली म्हणजे कुठली, असं विचारलं तर उत्तरही तयार असतं. जड घ्या, लोखंडी बॉडीची घ्या, जोरात मारणारी घ्या. परवडत असेल तर सरळ बॅटरीची घ्या. आणि घेताच आहात तर थ्री-इन-वन घ्या, म्हणजे कापड, वायर आणि खिळे अशी तिन्ही कामं एकीतच उरकतील. पिनांचं काय? त्या काय, कुठल्याही चालतात. बॉक्समध्ये हजारभर येतातच. हार्डवेअरच्या काउंटरवर, ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातींत आणि सोसायटीतल्या हौशी मंडळींत हा सल्ला इतका रुळला आहे की त्यावर शंका घेण्याचं कुणाच्या मनातही येत नाही.

शंका घ्यायला हवी. या सल्ल्यातलं बहुतेक सगळं अर्धवट खरं आहे आणि पिनांबद्दलचं शेवटचं वाक्य तर साफ चुकीचं आहे. दुर्दैवाने बाकीचा सगळा सल्ला त्याच वाक्यावर उभा आहे. गन भरवशाची आहे की नाही हे नुसतं गनकडे बघून, तिचं वजन तोलून किंवा तिचा खटका ऐकून ठरत नाही. ती कुठली पिन मारते, ती पिन आपल्या कामाला योग्य आहे का आणि दोन वर्षांनी आपल्या गावच्या दुकानात मिळेल का, हे आधी पाहावं लागतं. खरेदी तिथून सुरू केली तर निम्म्या गना आपोआप गळतात.

हाताने चालणाऱ्या स्टेपल गनची, म्हणजे टॅकरची, रचना साधी आहे. हँडल दाबलं की आतली दणकट स्प्रिंग दबते आणि तिच्याबरोबर एक पोलादी पातं वर उचललं जातं. ठरावीक जागी पोचलं की पकड सुटते, स्प्रिंग मोकळी होते आणि पातं खाली येताना रांगेतली सगळ्यात पुढची पिन तोडून लाकडात ठोकतं. ऑफिसच्या स्टेपलरला खाली एक खाचेची पट्टी असते. पिनेचे पाय त्या खाचेत आपटून आत वळतात आणि कागद धरून ठेवतात. टॅकरच्या पिनेला असा खालचा आधार नसतो. तिचे पाय सरळ लाकडात घुसतात आणि लाकडाचे तंतू त्यांना दोन्ही बाजूंनी आवळतात. पकड म्हणून जे काही असतं ते एवढंच. मग पाय किती लांब, तार किती जाड, वरची पाठ किती रुंद आणि चपटी की गोल, या गोष्टी किरकोळ कशा म्हणता येतील? काम धरून ठेवते ती पिन. गन तिला जागेवर पोचवते आणि बाजूला होते.

पिनांच्या खोक्यावरचे आकडे मात्र फसवे असतात. स्टेशनरीच्या दुकानातल्या २४/६ पिनेत पहिला आकडा तारेचा गेज असतो आणि दुसरा पायांची मिलिमीटरमधली लांबी. टॅकरच्या पिनांवर १३/८, ५३/१०, १४०/१० असे आकडे दिसतात. लिहिण्याची पद्धत तीच, पण इथे पहिला आकडा गेज नसून मालिकेचा क्रमांक आहे. स्वीडनची रॅपिड कंपनी हे क्रमांक वापरते आणि युरोपच्या बाजारात ते सर्वत्र रूढ आहेत. १३ क्रमांकाची पिन १०.६ मिमी रुंद असते आणि तिची तार बारीक, पाऊण मिमीच्या आसपास. ५३ची तार तशीच बारीक, पण रुंदी ११.४ मिमी. १४०ची रुंदी पुन्हा १०.६ मिमी, पण तार चपटी, सव्वा मिमीची.

ही १३ आणि १४०ची जोडी नीट पाहण्यासारखी आहे. समोरून दोन्ही सारख्याच रुंद, त्यामुळे एकीच्या कप्प्यात दुसरी बसल्यासारखी वाटते. दुकानदार ‘चालेल की’ म्हणतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावतो. मग १४०च्या गनमध्ये १३ची पिन घातली जाते. तोंडाची फट जाड पिनेच्या मापाने केलेली असते, बारीक पिन तिथे तिरकी होते, कधी एकदम दोन पिना पात्याखाली येतात, आणि गन अडकते. घरी निष्कर्ष निघतो, की गन भिकार आहे. गन बिचारी ठीक असते. तिला परका घास भरवलेला असतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल बाजारानेच बऱ्याच अंशी लावून टाकला. मॉरिस अब्राम्स यांनी १९२९ साली ब्रुकलिनमध्ये सुरू केलेल्या ॲरो फासनर कंपनीने १९५०च्या दशकात टी-५० ही गन बाजारात आणली. चकचकीत क्रोमची, लोखंडी बॉडीची ही गन आजही जवळपास त्याच रूपात विकली जाते. तिच्या टिकाऊपणाचं कौतुक अनेक जण करतात, पण तिच्या खऱ्या भरवशाचं मर्म पिनेत आहे. टी-५० हे नाव गनचं राहिलं नाही, पिनेच्या प्रकाराचंच नाव झालं. इतर कंपन्यांनीही त्या मापाच्या पिना काढल्या आणि त्या पिना मारणाऱ्या गनाही काढल्या. सहा मिमीपासून चौदा मिमीपर्यंत पायांच्या वेगवेगळ्या लांबीत ती पिन मिळते आणि युरोपातल्या १४०शी तिचं माप इतकं जुळतं की कित्येक गनांवर दोन्ही नावं शेजारीशेजारी छापलेली असतात. पुढे कंपनीची मालकी बदलली, २०१७ साली ती चीनमधल्या हांगचौच्या ग्रेटस्टारकडे गेली. पिनेचं माप बदललं नाही. आजोबांच्या गनमध्ये नातू आज विकत आणलेली पिन घालू शकतो.

आता याच्या शेजारी आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या, चार-पाचशे रुपयांच्या, नावगाव नसलेल्या संचांकडे पाहावं. गन, सोबत तीन पुड्या पिना, एक पक्कड, वर एक प्लास्टिकची पेटी. पिनेची मालिका कुठली? खोक्यावर लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असलं तर ‘हेवी ड्यूटी पिन’ एवढंच. त्या पुड्या संपेपर्यंत गन झकास चालते. संपल्या की पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर पिन हातात धरून दुकानामागून दुकान फिरावं लागतं, आणि साताऱ्यात-परभणीत राहणाऱ्याला तर तीही सोय नाही. गन धडधाकट, पण खायला काही नाही. अशा गनच्या खाली पाच चांदण्यांचे कितीही शेरे असले तरी तिला भरवशाची म्हणता येणार नाही. ते शेरे लिहिणाऱ्यांची पहिली पुडीही त्या वेळी संपलेली नसते.

म्हणून गनच्या बॉडीवर किंवा खोक्यावर मालिकेचा क्रमांक आणि पायांची कमाल-किमान लांबी छापलेली नसेल तर ती गन घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. क्रमांक छापलेला असेल तर त्याच दुकानात त्या क्रमांकाच्या दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या पिना मागून पाहाव्यात. दुकानदाराने फडताळातून खोका काढून दिला तर अर्धी परीक्षा तिथेच पार पडली. लुधियानाच्या कांगारोसारख्या देशी कंपन्यांच्या टॅकरच्या पिना स्टेशनरीच्या दुकानांतही मिळून जातात, ही गोष्ट एखाद्या परदेशी गनच्या दिमाखापेक्षा घरच्या कामाला जास्त उपयोगाची आहे.

जोराचं म्हणणं आता घेऊ, कारण सल्ला देणाऱ्यांचा सगळ्यात मोठा भर त्यावरच असतो. जितकी जोरदार तितकी चांगली, हे सुताराच्या तोंडी शोभतं. त्याला दिवसभर कठीण लाकडावर काम करायचं असतं. घरात मात्र बहुतेक वेळा प्लाय असतो, आणि तोही पातळ. डायनिंगच्या खुर्चीची बैठक खालचे चार स्क्रू काढून उलटी केली की ती बहुधा ९ किंवा १२ मिमीच्या प्लायची निघते. जुनं रेक्झिन काठावर वळवून खालच्या बाजूला पिना मारून बसवलेलं असतं. इथे कुणी ‘मजबूत राहू दे’ म्हणून १४ मिमी पायाची पिन भरली आणि गन पूर्ण जोरावर ठेवली, तर पाय ९ मिमीच्या प्लायमधून आरपार जाऊन फोममध्ये डोकं काढतात. ते कुठे निघाले हे खुर्चीवर बसणाऱ्याला लगेच कळतं. लहान पिनेचंही जास्तीच्या जोरापुढे भलं होत नाही. पिनेची पाठ रेक्झिनमध्ये रुतते, वरचा थर कापते आणि आज ताणून बसवलेलं रेक्झिन दोन महिन्यांत त्या कापलेल्या रेघेवरच फाटतं. पाठ रेक्झिनला नुसती टेकलेली हवी, दाबलेली हवी, पण रुतलेली नको. त्यासाठी जोर कमी करता येणारी गन लागते. गनच्या पाठीमागे किंवा वरच्या बाजूला एक स्क्रू किंवा चकती असते; दर कामाआधी टाकाऊ तुकड्यावर दोन-चार पिना मारून ती जुळवायची. जाहिरातीत या स्क्रूबद्दल चकार शब्द नसतो, गन किती ‘पॉवरफुल’ आहे याबद्दल मात्र परिच्छेदच्या परिच्छेद असतात.

उलट बाजूलाही जोराची मर्यादा आहे. जुन्या वाड्यातली किंवा कोकणातल्या घरातली सागवानी खिडकी घ्या. तिच्यात बारीक तारेची १२ मिमी पायाची पिन मारली तर कितीही ताकदीची गन असो, पाय अर्ध्यात वाकतात आणि पिन तिरकी उभी राहते. लांब पाय म्हणजे जास्त पकड, हे पाय पूर्ण आत गेले तरच खरं. सागवानाला १४०च्या प्रकारची चपट्या तारेची ६ किंवा ८ मिमीची पिन बास होते. ती केसभर वर राहिली तर हातोडीचा एक हलका ठोका द्यावा. त्यात गनचा कमीपणा नाही आणि मारणाऱ्याचाही नाही. शिवाय पिन लाकडाच्या रेषांच्या दिशेने पडली तर दोन्ही पाय एकाच रेषेत घुसून काठ चिरतो. ती रेषांना काटून किंवा निदान तिरकी पडली तर दोन पाय दोन वेगवेगळ्या रेषांत शिरतात. हे शहाणपण विकत मिळत नाही आणि गनच्या किमतीशी त्याचा काही संबंध नाही.

वजनाबद्दल मात्र विरोधकांचं म्हणणं थोडं मान्य करायला हवं. गन जड असली की पिन सुटताना उसळी कमी बसते आणि लोखंडी बॉडी पडली-झडली तरी तडकत नाही. पण उसळीचं खरं कारण रचनेत आहे. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये हँडलचा जोर मागे पडतो आणि पिन पुढून निघते. मागे दाबलं की पुढचं तोंड वर उचललं जातं आणि पिन अर्धवट बसते. पुढच्या बाजूला, थेट पिनेच्या वर जोर पडेल अशी उलट्या हँडलची रचना पुढे आली. ब्लॅक अँड डेकरने ‘पॉवरशॉट’ या नावाने तशी गन विकली आणि नंतर इतरांनीही तीच वाट धरली. ज्यांच्या पंज्यात फार ताकद नाही, सांधे दुखतात, त्यांना अर्धा किलो जास्त लोखंडापेक्षा ही रचना उपयोगी पडते. दुकानात गन हातात घेऊन हँडल बोटांत मावतं का हे पाहणं, ती तळहातावर तोलून पाहण्यापेक्षा शहाणपणाचं. निम्म्या गनांची हँडलं मोठ्या पंज्याच्या मापानेच केलेली असतात आणि मग घरातल्या बाईने ती दोन्ही हातांनी दाबावी, असा प्रसंग येतो. एक हात कापड ताणायला मोकळा राहतच नाही.

थ्री-इन-वनबद्दल मात्र सवलत देण्याचं काहीच कारण दिसत नाही.

या गनांत चपटी पिन, वायरसाठी गोल पाठीची यू पिन आणि बारीक टी आकाराचे खिळे असे तीन प्रकार एकाच तोंडातून जातात. त्यासाठी तोंडाची फट तिन्हींना सामावेल इतकी मोकळी ठेवावी लागते, म्हणजे ती एकालाही नेमकी बसत नाही. गन अडकण्याचं हे एक मोठं कारण. पण त्याहून वाईट म्हणजे ज्या दोन कामांसाठी जादा पैसे मोजायचे ती दोन्ही कामं या गनने करूच नयेत.

खिळ्यांचा हिशेब सोपा आहे. अशा गनमध्ये जाणारा खिळा साधारण १४-१५ मिमीचा. खिडकीच्या जाळीवर लावायची लाकडी पट्टी १० मिमी जाड असेल, तर चौकटीत शिरायला उरतात चार-पाच मिमी. तेवढ्यावर पट्टी उन्हात वाकू लागली की आपसूक निघून येते. इथे हातोडी आणि इंचभराच्या चुका यांना पर्याय नाही, आणि त्यांचा खर्चही नाही.

वायरचं काम तर धोक्याचं. गोल पिनेच्या जागी चुकून चपटी पिन राहिली, किंवा जोर कमी केला नाही, तर पिनेची पाठ वायरवर दाबली जाते आणि आतलं आवरण कापलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. वायरच्या कामाला खास वेगळी गन असते. ॲरोचीच टी-२५ घ्या. तिच्या पात्यात खाच ठेवलेली असते, त्यामुळे पिन पूर्ण खाली न बसता वायरवर कमानीसारखी उभी राहते. तीही टेलिफोन, घंटी, इंटरनेट अशा कमी दाबाच्या वायरींसाठी. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरला हाताने मारलेली पिन लावायचीच नाही. ती पीव्हीसी पाइपातून किंवा केसिंग-कॅपिंगमधून गेली पाहिजे. आणि उरलेल्या वायरी जातात कुठे? आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या, वर प्लास्टर. त्यात टॅकरची पिन शिरत नाही. शिरली तर प्लास्टरचा खपला घेऊन बाहेर पडते. टॅकरची कीर्ती जिथे झाली तिथे घराचा सांगाडाच लाकडाचा असतो. छताखालचं अस्तर, भिंतीतलं इन्सुलेशन, गालिच्याखालची गादी असं सगळं तिथे पिनांनी बसतं. त्या घरांसाठी लिहिलेली कामांची यादी जशीच्या तशी उचलून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणली की थ्री-इन-वन विकलं जातं. आपल्याकडे वायरसाठी खिळ्यासकट मिळणारी प्लास्टिकची क्लिप आहे, ती रुपया-दोन रुपयांत पडते आणि वायर कापत नाही.

बॅटरीवाल्या गनांचे चाहते वेगळं बोलतात. त्यांचं म्हणणं, हाताची गन ही कालबाह्य गोष्ट. बटण दाबलं की काम झालं. हे ऐकायला गोड आहे, पण पिनेकडे पाहिलं की चित्र बदलतं. उदाहरणार्थ बॉशची पीटीके ३.६ एलआय ही बॅटरीची छोटी, सुबक गन. ती ५३ मालिकेची बारीक तारेची पिन घेते आणि पाय जास्तीत जास्त १० मिमी. मखराचं कापड, हस्तकला, फोटोच्या चौकटीमागचा कागद, पातळ पडदे यांना ती उत्तम. जाड रेक्झिन किंवा सागवान यांच्यासाठी ती बनवलेलीच नाही, आणि कंपनीनेही तसा दावा केलेला नाही. दावा करतात ते इथले सल्ला देणारे. बॅटरीची गन म्हणजे वरच्या पायरीची गन असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात सोय वाढलेली असते आणि पिन हलकी झालेली असते. त्यात बॅटरी आतच बसवलेली असेल तर पाच वर्षांनी ती चार्ज धरेनाशी होते, तेव्हा पाती-स्प्रिंगा धडधाकट असूनही गन भंगारात जाते.

तरी बॅटरीची किंवा विजेची गन कधी घ्यावी याला साधा हिशेब लावता येतो. ४५ सेंमी चौरस बैठकीचा घेर १८० सेंमी. अडीच सेंमीवर एक पिन धरली तर एका खुर्चीला बहात्तर पिना, सहा खुर्च्यांना सव्वाचारशेच्या वर. एका रविवारी दोन खुर्च्या अशा बेताने हाताच्या गनने ते सहज होतं. एका दिवसात सगळ्या करायच्या म्हटल्या तर मनगट संध्याकाळी उत्तर देतं. तिथे विजेची गन हवी हे मान्य. मात्र तिथेही पहिला प्रश्न तोच: ती कुठली पिन घेते?

एअर गनचा आग्रह धरणाऱ्यांचंही ऐकून घ्यावं लागतं, कारण त्यांच्याकडे पुरावा असतो: सोफावाला. तो येतो, कॉम्प्रेसर लावतो आणि टकटकटक करत अर्ध्या तासात खुर्च्या उरकतो. त्याच्या गनमध्ये बहुतेक वेळा ८० मालिकेची पिन असते, १२.८ मिमी रुंद पाठीची, तार एक मिमीपेक्षा थोडी कमी. रुंद पाठ कापडाचा जास्त भाग धरते आणि बारीक तार लाकूड चिरत नाही, म्हणून सोफ्याच्या धंद्यात ती टिकून आहे. पण त्यातून घरी एअर गन आणावी हे कुठे सिद्ध होतं? कॉम्प्रेसर, त्याची नळी, त्याचा आवाज, खाली राहणाऱ्यांची तक्रार आणि वर्षातून दोनदा काम. तीन आसनी सोफा सगळा उघडून नवा करायचा असेल तर सोफावाल्यालाच बोलवावं. कापड ताणणं, कोपऱ्यात घड्या घालणं, फोम कापणं ही त्याची खरी कला आहे, गन त्यातला सगळ्यात सोपा भाग.

हौशी नाटकवाल्यांकडे पाहिलं तर हाताच्या गनचा खरा उपयोग दिसतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री लाकडी चौकटींवर कापड चढवून नेपथ्याच्या भिंती उभ्या करायच्या आणि प्रयोग संपल्यावर तासाभरात उतरवून टेम्पोत भरायच्या. इथे बारीक तारेची, ६ मिमी पायाची पिन लागते, कारण ती पटकन निघाली पाहिजे. जाड पिन उपसताना कापडही फाटतं आणि चौकटही. मखराचंही तेच. २०१८ साली राज्याने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणल्यापासून सजावट पुन्हा कापड, पुठ्ठा आणि लाकडाकडे वळली आहे, आणि या कामात टॅकर हाताशी हवाच. पण मखराच्या कामट्यांवर पिना मारणारे पस्तावतात. बांबूची वरची साल गुळगुळीत आणि कडक, त्यात पिन घसरते, शिरली तर कामटी उभी चिरते. तिथे सुतळी.

पार्टिकल बोर्डच्या कडेलाही टॅकर मारण्यात अर्थ नसतो. भुसा दाबून केलेल्या त्या फळीत पायांना आवळायला तंतूच नसतात. हे गनचं अपयश नाही, तरी त्याचं खापर गनवर फुटतं आणि मग आणखी जोराची गन आणली जाते, ती भुसा आणखी जोरात उडवते.

डासांच्या जाळीबद्दल तर स्वतंत्र भांडण मांडता येईल. ‘टॅकर घ्या, जाळी दहा मिनिटांत’ असं सांगणारे पावसाळ्यात त्या खिडकीकडे बघत नाहीत. फायबरची जाळी बारीक तारेच्या पिनेवर ताणली की वाऱ्याच्या झोतांनी त्या तारेवरच कापत जाते. पिन जाळी तात्पुरती धरण्यासाठी आहे; ती तिरकी, जाळीचे जास्त धागे पकडेल अशी मारावी, आणि वरून लाकडी पट्टी चुकांनी बसवावी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पिनेचा धातूही पाहावा. साध्या लोखंडी पिनांवरचा जस्ताचा पातळ मुलामा खाऱ्या हवेत लवकर संपतो आणि चौकटीवर तपकिरी ओघळ उतरतात. ॲल्युमिनियमच्या जाळीवर तर लोखंडी पिनेच्या भोवतीची जाळीच आधी खाल्ली जाते, कारण ओलसर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेस पिना मिळतात, महाग असतात आणि त्याही फक्त रूढ मालिकांच्याच. नावगाव नसलेल्या गनला त्या मिळणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा युक्तिवाद उरतो तो स्वस्ताईचा: एवढी चिकित्सा कशाला, चारशेची गन आहे, बिघडली तर टाकून देऊ. पण ‘बिघडली’ म्हणून टाकलेल्या गनांपैकी बऱ्याच बिघडलेल्या नसतातच. पिन अडकलेली असते. आधी हँडल खिटीने बंद करावं, विजेची गन असेल तर प्लग काढावा. मागची पट्टी ओढून सगळ्या पिना काढाव्यात आणि तोंडात फसलेली वाकडी पिन बारीक पकडीने उपसावी, डोळा तोंडासमोर न धरता. ज्या गनचं तोंड स्क्रूने किंवा कळीने उघडतं तिच्यात हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्या गनचं तोंड दाबून कायमचं बंद केलेलं असतं तिच्यात तेच काम होत नाही, आणि चारशेच्या गना बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात. दुकानात हेही विचारायला हरकत नाही. तोंड उघडल्यावर पात्याचं टोक पाहावं. ते चौकोनी, धारदार कडांचं असेल तर गन ठीक आहे. टोक गोल झालं असेल किंवा एका कोपऱ्यातून तुटलं असेल तर ते एका वेळी दोन पिनांवर चढतं आणि गन पुन्हा पुन्हा अडकत राहते. पिना न भरता नुसतेच खटके वाजवत बसण्याची सवय पोरांना आणि मोठ्यांनाही असते. पातं लवकर झिजतं ते त्यामुळेच. तेलाचा एखादा थेंब स्प्रिंगच्या सांध्याला पुरतो. जास्त झालं तर पुढच्या कामाच्या पांढऱ्या कापडावर डाग पडतात. काढलेल्या पिना मात्र जमिनीवर सोडू नयेत. आपण घरात अनवाणी वावरतो, आणि खुर्चीतून उपसलेल्या गंजक्या पिनेचे दोन्ही पाय सरळ, टोकदार असतात. झाडूने त्या निघत नाहीत, सतरंजीच्या झालरीत अडकून बसतात. काम संपल्यावर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फरशीवरून फिरवलं की त्या सगळ्या निघतात.